खंगलेलें तट्टू व झाडपाल्याचा उपचार

घोडें हें जनावर शेतकऱ्याच्या दारांतून आतां बहुतेक नाहींसें झालें आहे. २०१२ सालच्या पशुगणनेंत सबंध देशांत घोडीं व तट्टें मिळून सुमारें ६ लाख २५ हजार होतीं. २०१९ सालच्या विसाव्या गणनेंत ती संख्या सुमारें ३ लाख ४० हजारांवर आली. जन्मभर आंकडेच लिहीत आलेल्या आमच्यासारख्या माणसास हा उतार पाहून प्रश्न पडतो तो हा कीं, जीं उरलीं तीं कोणाच्या हातीं आहेत व कोणत्या स्थितींत आहेत? टांगा रिक्षानें मारला. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या उच्च न्यायालयानें २०१५ सालीं बेकायदा ठरविल्या. २०२० च्या टाळेबंदींत माथेरान, महाबळेश्वर येथील घोडेवाल्यांची कमाई एकाएकीं थांबली, आणि जनावरांची चंदी-वैरण चालविणें त्यांस कठीण झालें. वरातीची घोडी तर लग्नसराई सरली कीं दावणीलाच उभी. अशीं जनावरें मग पडत्या भावानें विकलीं जातात, किंवा धनी त्यांस मोकळें सोडून देतो, आणि फिरत फिरत तीं कोणाच्या तरी शिवारांत येतात. दया येऊन एखादा शेतकरी तें जनावर बांधून घेतो, आणि दुसऱ्या दिवशीं आम्हांस विचारतो, "भाऊसाहेब, याला कोणती मुळी उगाळून द्यावी?"

प्रश्न चांगल्या मनानें विचारलेला असतो. शालिहोत्राचें नांव आपल्याकडे अजून घेतलें जातें. नकुलाची अश्वचिकित्सा, जयदत्ताचें अश्ववैद्यक असे संस्कृत ग्रंथ आहेत. आणि मराठ्यांच्या पागा ज्या मुलखांत होत्या तेथें घोड्याचे दोनचार मसाले माहीत नाहींत असें जुनें घर विरळा. झाडपाल्यांत गुण नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. तो आहे, आणि कोणत्या वनस्पतींत कोणता, हें आम्ही पुढें सांगणारच आहों. परंतु उपाशी जनावर वाचतें किंवा मरतें तें मुळीमुळें नव्हे. त्याचा निकाल पहिल्या आठ दिवसांच्या वैरणीनेंच लागतो, आणि मुळीची पाळी त्यानंतर येते. हा क्रम उलटा धरल्यामुळें किती जनावरें फुकट जातात, त्याची नोंद कोणत्याच दफ्तरांत सांपडत नाहीं.

एक गोष्ट सांगतों. आमच्या गांवच्या शेजारीं एका सधन बागाईतदारानें आठवड्याच्या बाजारांतून एक तांबडी घोडी आणली. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, पाठीचा कणा वर आलेला, परंतु डोळा पाणीदार व भूक सणसणीत. गृहस्थ मोठ्या मनाचे. त्यांनीं पहिल्याच संध्याकाळीं भिजल्या हरभऱ्याचा भरला तोबरा चढविला, वर गुळाचा खडा, आणि "आतां हिचे हाल संपले" असें म्हणून समाधानानें घरांत गेले. दुसरे दिवशीं तसेंच, तिसरे दिवशीं तसेंच. घोडीनें सर्व फस्त केलें. चौथे दिवशीं सकाळीं ती उठली नाहीं. श्वास वर लागला, पाय कांपूं लागले, आणि दुपारच्या आंत आटोपलें. गांवांत दोन मतें झालीं, दृष्ट लागली हें एक आणि बाजारांत कोणी विष घातलें हें दुसरें. दृष्टही नव्हती व विषही नव्हतें. महिनोन्‌महिन्यांची उपासमार सोसून राहिलेली ती घोडी तीन दिवसांच्या हरभऱ्यानें गेली.

असें कां होतें तें नीट समजून घेण्यासारखें आहे. वैरण मिळेनाशी झाली म्हणजे शरीर प्रथम आपली चरबी जाळतें, ती संपली कीं मांस जाळूं लागतें. त्यांत हृदयाचें मांसही आलेंच. या काळांत स्फुरद, मॅग्नेशियम, पोटॅशियम हीं जीं क्षारद्रव्यें शरीराच्या कणाकणांत असतात, तीं हळू हळू सरत जातात, तरी रक्तांत तीं कशीबशी पुरून राहिलेलीं दिसतात. अशा वेळीं एकाएकीं धान्य व गूळ पोटांत गेला कीं रक्तांत साखर चढते, ती पेशींत लोटण्यासाठीं इन्शुलिन सुटतें, आणि साखरेबरोबर तें रक्तांतलीं उरलींसुरलीं क्षारद्रव्येंही पेशींत ओढून नेतें. रक्त त्यांविना रितें झालें कीं हृदय व श्वासाचे स्नायु काम टाकतात. हें बहुधा तिसऱ्या ते पांचव्या दिवशीं घडतें. म्हणून पहिले दोन दिवस जनावर हुशार दिसलें यावर कोणी विसंबूं नये.

तेव्हां जनावर दारीं आलें कीं पहिलें काम मोजणीचें. पाठीवर हात फिरवून "बरें आहे" म्हणणें ही मोजणी नव्हे. एक साधी फीत घ्यावी. पुढच्या पायांच्या लगत मागून छातीचा घेर घ्यावा, आणि खांद्याच्या पुढल्या टोंकापासून ढुंगणाच्या मागल्या टोंकापर्यंत अंगाची लांबी घ्यावी, दोन्ही सेंटिमीटरांत. घेराचा वर्ग करावा, त्यास लांबीनें गुणावें, आणि ११,८८० नें भागावें. जें येईल तें सुमारें किलोंतलें वजन. उदाहरणार्थ घेर १३० व लांबी १२५ असेल तर वजन सुमारें १७८ किलो. मुलांच्या वहींत हें लिहून ठेवावें आणि दर पंधरा दिवसांनीं पुन्हां मोजावें. अंगस्थितीसाठीं १९८३ सालीं अमेरिकेंतील टेक्सास येथें हेनेके या संशोधकानें प्रसिद्ध केलेलें एक ते नऊ असें माप आतां सर्वत्र चालतें. एक म्हणजे कणा, बरगड्या, कमरेचीं हाडें व शेपटीचें मूळ हीं सर्व उघडीं पडलेलीं आणि हाताला चरबी मुळींच न लागणारी. पांच म्हणजे मध्यम, बरगडी दिसत नाहीं पण हाताला सहज लागते. शेतावर येणारीं बहुतेक बेवारशी जनावरें एक किंवा दोनवर असतात. आपल्या आणेवारीप्रमाणेंच हें नजरेचें माप आहे, फरक इतकाच कीं यांत कोणाचा सारा सुटत नाहीं, म्हणून माप खरें पडतें.

दुसरें काम, तें खंगलें कां हें पाहणें. प्रत्येक खंगलेलें जनावर उपाशीच होतें असें नाहीं. दांतांस धार आली असेल तर तें गवत चावून त्याचे बोळे खालीं टाकतें. अशा जनावरापुढें कितीही वैरण घातली तरी व्यर्थ, दांत कानशीनें घांसून घ्यावे लागतात. भूक चांगली असूनही अंग गळत जातें, मधून मधून ताप येतो, पोटाखालीं व पायांवर सूज येते, असें असेल तर सर्राचा संशय घ्यावा. हा रोग चावऱ्या माश्या पसरवितात. त्याचा जंतु ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्यानें १८८० सालीं डेरा इस्माईलखान येथें घोड्यांच्या व उंटांच्या रक्तांत पाहिला. यावर कोणताही पाला चालत नाहीं. रक्त तपासून पशुवैद्याकडून सुईच टोंचून घ्यावी लागते. आणि नाकांत व्रण, नाकपुडींतून चिकट पू, किंवा पायावर ओळीनें फुटणाऱ्या गांठी दिसल्या, तर जनावरास हातही न लावतां सरकारी दवाखान्यांत वर्दी द्यावी. तो ग्लँडर्स असूं शकतो. तो माणसास होतो, आणि २००९ च्या कायद्याप्रमाणें त्याची वर्दी देणें बंधनकारक आहे. येथें दया दाखवून घरगुती औषध करणें म्हणजे आपल्या मुलाबाळांस धोक्यांत घालणें होय.

आतां पहिले दहा दिवस. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यक शाळेनें उपासमार झालेल्या घोड्यांस निरनिराळें खाद्य देऊन, त्यांचें रक्त तपासून पाहिलें. ओटचें वाळलें गवत, ओटचें गवत व मक्याचें तेल, आणि लसूणघासाची वाळली वैरण, या तिहींत लसूणघास सरस ठरला. कारण त्यांत पिष्ट कमी, प्रथिन उत्तम, आणि जीं क्षारद्रव्यें जनावराच्या अंगांतून गेलेलीं असतात तीं स्फुरद व मॅग्नेशियम हीं त्यांत आहेत. म्हणजे पाहा, ज्यास आम्ही औषधी वनस्पति म्हणून शोधीत फिरतों ती बागाईतदाराच्या बांधालगतच उभी आहे. फक्त ती हिरवी, दंवांत भिजलेली घालूं नये. कापून, वाळवून घालावी.

प्रमाण असें. दोनशे किलोंच्या आंतल्या आपल्याकडील तट्टास पहिले तीन दिवस दर चार तासांनीं सुमारें २०० ग्राम वाळला लसूणघास. रात्रींही उठून घालावा. दिवसाचा सव्वा किलो. एवढें पाहून घरांतलीं माणसें हळहळतात, जनावर खुराने जमीन उकरतें, शेजारी कंजूष म्हणतात, तें सोसावें. चौथ्या दिवसापासून वैरण थोडी थोडी वाढवीत व वेळा कमी करीत जावें, म्हणजे सहाव्या दिवशीं तीन वेळांत मिळून सुमारें अडीच किलो होतें. दहाव्या दिवसापासून तें खाईल तितकी वैरण दोन वेळां घालण्यास हरकत नाहीं. या दहा दिवसांत दाणा नाहीं, गूळ नाहीं, पेंड नाहीं, तेल नाहीं. स्वच्छ पाणी मात्र सदैव पुढें असावें, आणि गव्हाणींत सैंधवाचा खडा.

लसूणघास नसेल तेथें काय करावें, असें कोरडवाहू गांवचे लोक विचारतील. त्यांस हरळी आहे. शेतांतली हरळी काढण्यांत आपल्या पिढ्या झिजल्या, आणि तीच हरळी घोड्याचें सर्वांत आवडतें गवत आहे. पूर्वीं पागांचे गवतकापे ती मुळांसकट खणून, झाडून आणीत असत. मात्र ती झाडली तरी पुरत नाहीं, धुवावी लागते. मातीसकट खाल्लेली हरळी आंतड्यांत वाळू सांठविते आणि पोटशूळ उठवितें. शंका असेल तर लिदीचा एक गोळा कांचेच्या बरणींत पाणी घालून ढवळावा व थोडा वेळ ठेवावा. तळाशीं वाळूचा थर बसला तर समजावें. अशा वेळीं इसबगोलाचा भुसा ओलसर वैरणींत कालवून देण्याची चाल आहे. त्याचा उपयोग कांहीं जनावरांत होतो, कांहींत होत नाहीं. परंतु जमिनीवर वैरण टाकणें बंद करून गव्हाण बांधणें याचा उपयोग सर्वांत होतो.

हे दहा दिवस निभावले म्हणजे झाडपाल्याची पाळी आली.

पहिला मान मेथीचा. इंग्लंडांत २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत घोड्यांपुढें आठ निरनिराळ्या वासांचें खाद्य ठेवून त्यांची आवड पाहिली; त्यांत केळें, पुदिना इत्यादींना मागें टाकून मेथी पहिली आली. आमचें जिरेंही त्या यादींत होतें. तेव्हां खंगलेलें जनावर तोंड फिरवीत असेल तर दोन लहान चमचे मेथ्या रात्रीं भिजवून, सकाळीं उकडून, त्या पाण्यासकट वैरणीवर शिंपडाव्या. गाभण घोडीस मात्र मेथी देऊं नये. मेथीनें अंग भरत नाहीं, ती भूक लावते. अंग भरण्याचें काम वैरणीचें.

दुसरी अळशी, जिला वऱ्हाडांत व मराठवाड्यांत जवस म्हणतात. निस्तेज, उभ्या केंसांच्या, कातडी हाडाला चिकटलेल्या जनावरास हिच्याइतकें मानवणारें दुसरें बीं आम्हांस माहीत नाहीं. तिच्यांत तेल आहे, तें उत्तम प्रकारचें आहे, आणि शिजविल्यावर जो बुळबुळीत लपका होतो तो आंतड्यांस सुखावह असतो. परंतु येथें एक धोका आहे तो फार थोड्यांस ठाऊक असतो. कच्ची अळशी कोमट पाण्यांत भिजत घातली तर तिच्यांतून एक जहाल विष सुटतें, जें कोंवळ्या ज्वारीच्या पोंग्यांत असतें तेंच. म्हणून पाणी आधीं खळखळून उकळावें, मग त्यांत अळशी टाकावी, झांकण न ठेवतां दहा मिनिटें जोरानें उकळूं द्यावी, आणि नंतर मंदाग्नीवर मऊ होईपर्यंत शिजवावी. तिसऱ्या आठवड्यापासून रोज मूठभर, म्हणजे पन्नास-साठ ग्राम, पुरे. दीड महिन्यांत केंसांस तकाकी येते ती कोणत्याही खराऱ्यानें येत नाहीं. अर्थात्‌ खराराही करावाच, कातडीखालीं रक्त खेळतें.

ओवा, बडीशेप, सुंठ, बाळंतशेपा हा वायूवरचा मसाला घरोघरीं असतो. जनावर जरा फुगल्यासारखें वाटलें, लीद होत आहे, खातें आहे, तर चमचाभर कुटून कणकेच्या गोळ्यांतून देण्यास हरकत नाहीं. पण जनावर पायानें जमीन उकरतें, वळून वळून कुशीकडे पाहतें, अंग टाकून लोळतें व घामाघूम होतें, तर तो पोटशूळ होय. तेथें मसाल्याची मात्रा नको, पशुवैद्य हवा. आणि कोणत्याही कारणानें बांबूच्या नळीनें काढा पाजूं नये. बैलास पाजतों तसें घोड्यास पाजण्याचा प्रघात फार वाईट आहे. काढा श्वासनलिकेंत उतरतो आणि फुप्फुसाचा दाह होऊन जनावर जातें. मग काढ्याचा गुण आला नाहीं असें आपण म्हणतों. आणखी एक गोष्ट, घोड्यास ओकतां येत नाहीं. कुत्र्यामांजरांस चुकून कांहीं अपथ्य गेलें तर तीं ओकून मोकळीं होतात. घोड्याच्या पोटांत गेलें तें पुढेंच जातें. मात्रा चुकली तर परतीची वाट नाहीं.

याच कारणानें कोरफडीविषयीं इशारा द्यावासा वाटतो. पानाच्या आंतला पांढरा गर जखमेवर लावण्यास चांगला. पण सालीखालचा पिवळा कडू रस वाळवून जो एळिया होतो, तो घोड्याचा अतिशय तीव्र जुलाब आहे. जुन्या काळीं घोडदळाचे वैद्य धष्टपुष्ट घोड्यांस त्याच्या गोळ्या देत. खंगलेल्या जनावराची "पोटशुद्धि" करण्यासाठीं तो देणें म्हणजे पडत्या भिंतीस धक्का देणें होय.

आस्कंदाबद्दल नेहमीं विचारणा होते, कारण त्याचें संस्कृत नांव अश्वगंधा. नांवांत अश्व आहे म्हणून तें घोड्याचें औषध, असा लोकांचा समज होतो. वास्तविक मुळीस घोड्यासारखा वास येतो एवढाच त्या नांवाचा अर्थ. शक्तिवर्धक म्हणून माणसांच्या वैद्यकांत तिचा लौकिक आहे. परंतु तिच्या किंमतींत चार पेंढ्या जास्त लसूणघास येत असेल तर शहाण्यानें घास घ्यावा.

जंतांवर वावडिंग व पळसपापडी हीं आपल्याकडचीं जुनीं द्रव्यें. त्यांत कृमिनाशक गुण आहे हें खरें. परंतु उपेक्षित घोड्याच्या पोटांतले जंत केवळ पोटांत नसतात, त्यांच्या अळ्या आंतड्याच्या भिंतींत व रक्तवाहिन्यांत घर करून बसलेल्या असतात. तेथवर पळसपापडी पोंचत नाहीं. लीद तपासून घ्यावी व पशुवैद्य सांगेल तें औषध, तो सांगेल त्या दिवशीं द्यावें. अगदीं अशक्त जनावरास पहिल्याच दिवशीं जंतांचें जालीम औषध देणेंही बरें नव्हे. सर्व जंत एकदम मेले तर त्यांचाच उपद्रव होतो. जरा अंग धरलें कीं द्यावें.

बाहेरून लावण्याच्या औषधांत मात्र आपला झाडपाला खरोखर कामाचा आहे. उपेक्षित घोड्याची पाठ बहुधा लागलेली असते. खोगिराखालची ती जखम प्रथम एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत ९ ग्राम मीठ घालून त्यानें धुवावी. नंतर कडुनिंबाच्या पाल्याच्या काढ्यानें शेकावी, कोरडी करावी, आणि स्वच्छ हळद खोबरेलांत कालवून पातळ लेप द्यावा. जखमेच्या कडेनें निंबोळीचें तेल लावलें तर माशी बसत नाहीं व अळ्या पडत नाहींत. अंगास खाज असेल, केंस झडले असतील, तर करंजाचें तेल थोड्या जागेवर लावून दोन दिवस पाहावें, आग होत नसेल तर पुढें चालवावें. उवांवर सीताफळाच्या बियांची पूड लावण्याचा रिवाज आहे. ती प्रभावी आहे, पण डोळ्यांत गेल्यास डोळा जातो, म्हणून तोंडाच्या बाजूस ती नकोच. शेण, राख, चिखल यांपैकीं कांहींही जखमेवर लावूं नये. धनुर्वात घोड्यास जितका चट्‌दिशीं होतो तितका दुसऱ्या कोणत्याही पाळीव जनावरास होत नाहीं. तेव्हां हळद लावा अगर न लावा, धनुर्वाताची सुई आधीं.

आतां जें देऊं नये तें. कण्हेरीचा पाला थोडासाही घोड्यास मारक आहे, आणि कुंपणास कण्हेर लावण्याची आपल्याकडे आवड. एरंडीचें बीं, धोतरा, घाणेरी, बेशरम हीं जनावर एरवीं टाळतें. परंतु उपाशी जनावर टाळीत नाहीं, हें लक्षांत ठेवून त्याची जागा निवडावी. नाशिककडील शेतकऱ्यांस एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. सडका, नाकारलेला कांदा ढिगानें बांधावर पडतो व तें जनावरांपुढें लोटण्याची संवय आहे. घोड्यास कांदा व पुष्कळसा लसूण हीं दोन्ही बाधक. त्यांनीं रक्तांतले तांबडे कण फुटतात. आधींच रक्त कमी झालेल्या जनावरास माश्या जाव्यात म्हणून रोज लसूण चारणारे आम्हीं पाहिले आहेत.

बुरशी धरलेला मका किंवा भुईमुगाचा काळा पडलेला पाला बैल पचवील, घोडा पचवीत नाहीं. बुरशीच्या मक्यानें घोड्याचा मेंदू नासतो. हत्तीगवत एकटें महिनोन्‌महिने घातलें तर हाडांतला चुना कमी होतो. लसूणघासाची जोड द्यावी. नुसत्या गव्हाच्या कोंड्यानेंही तेंच होतें. आणि गाईम्हशींकरितां किंवा कोंबड्यांकरितां बाजारांतून आणलेलें मिश्रखाद्य घोड्यास मुळींच घालूं नये. त्यांतल्या कांहींत मोनेन्सिन नांवाचें औषध असतें. गाईस तें सोसतें, घोड्याचें हृदय बंद पाडतें. पोत्यावरची चिठी वाचल्याशिवाय मूठभरही नको.

हें सर्व आम्ही पुस्तकावरूनच सांगत नाहीं. २०१३ च्या दुष्काळांत एका चारा छावणीचें दफ्तर आमच्याकडे होतें. छावणी गाईबैलांची, तिच्या कुंपणाबाहेर एका धनगराचें पांढरट तट्टू चार दिवस उभें राहिलें. वाड्यावरचें बिऱ्हाड, भांडीं, कोंकरें वाहणारें तें जनावर. मेंढरें विकून तो मजुरीस गेला होता, तट्टू कोणी घेईना. मोजलें तेव्हां घेर १३० सेंटिमीटर, लांबी १२५. वर दिलेला आंकडा त्याचाच. तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांनीं पाहून सांगितलें, "आजार नाहीं, भूक आहे, आणि तुमचे लोक हरभरा घालतील तर भूकही राहणार नाहीं." त्यांचें बोलणें कडू लागलें, पण आम्हीं तें लिहून घेतलें. धनगराचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा रात्रीं गजर लावून उठे आणि पावशेरी मापानें घास घाली. पहिल्या आठवड्यांत तट्टू जसेंच्या तसें दिसे, लोक हंसत. दहाव्या दिवशीं त्यानें पहिल्यानें अंग झाडलें. दुसऱ्या आठवड्यांत मेथी, तिसऱ्यांत अळशी. महिन्याच्या सुमारास लीद तपासून जंतांचें औषध. पाठीची जखम निंबाच्या काढ्यानें व हळदीनें सहा आठवड्यांत भरली. पाऊस पडून हरळी वर आली तशी मुलगा ती विहिरीवर धुऊन आणूं लागला. साडेचार महिन्यांनीं घेर १४२ झाला, म्हणजे वजन सुमारें २१२ किलो. चौतीस किलो वाढण्यास साडेचार महिने लागले. हाच हिशेब कोणी साडेचार आठवड्यांत उरकूं पाहील तर काय होतें तें तांबड्या घोडीच्या कथेंत सांगितलेंच आहे.

दाणा केव्हां सुरू करावा हें उरलें. दुसऱ्या महिन्यानंतर, लीद बांधीव असेल व वजन चढत असेल, तर भिजवलेला हरभरा किंवा उकडलेला कुळीथ मूठभरापासून आरंभ करावा, आणि दर आठवड्यास मूठभर वाढवीत अर्ध्या किलोवर थांबावें. तोही दोन वेळांत वांटून, वैरण आधीं व दाणा मागाहून. पाठीवर ओझें तिसरा महिना पुरा होईपर्यंत नको. तोंपर्यंत सकाळसंध्याकाळ हातानें धरून अर्धा अर्धा मैल चालवावें, म्हणजे गेलेलें मांस परत भरतें. खूर वाढून फाटलेले असतात, ते जाणत्या नालबंदाकडून एकदम न कापतां दर महिन्यास थोडे थोडे करून घ्यावे. नाल मारण्याची घाई नको. जनावर अंग टाकून उठेनासें झालें, किंवा बारा तास लीद झाली नाहीं, तर दिवस किंवा रात्र न पाहतां सरकारी फिरत्या पशुदवाखान्याच्या १९६२ या दूरध्वनि क्रमांकावर कळवावें, आणि डॉक्टर येईपर्यंत पोटांत कांहीं घालूं नये.